नोंदवहीचे मौन

इंग्लंडमधील पूर्वजांचा शोध घेणारे अँग्लिकन धर्मग्रामांच्या नोंदवह्या वंशवृक्ष म्हणून वाचतात. हे वाचन अपुरे आहे. १५३८ साली टॉमस क्रॉमवेलच्या आज्ञेने सुरू झालेल्या या वह्यांत जन्माऐवजी बाप्तिस्मा आणि मृत्यूऐवजी दफन नोंदले जाई. १८१३ पासूनच्या छापील बाप्तिस्मा-नोंदवहीत पित्याच्या व्यवसायाला रकाना मिळाला. मातेच्या माहेरच्या आडनावाला मिळाला नाही.

याहून बोलके मौन विवाहाच्या पानांवर आहे. लॉर्ड हार्डविक यांच्या १७५३ च्या कायद्याने क्वेकर व ज्यू वगळता सर्वांना, म्हणजे कॅथलिकांनाही, कायदेशीर विवाहासाठी अँग्लिकन चर्चमध्ये जाणे भाग पडले. हे बंधन १८३७ पर्यंत टिकले. अनेक कॅथलिक जोडपी आपल्या धर्मगुरूंसमोर वेगळा विधीही करीत. त्याचा या पानांवर मागमूस नाही. तेव्हा विवाहाच्या वहीत नाव आढळले, एवढ्यावरून पूर्वजाला अँग्लिकन ठरवणे हा त्याच्या श्रद्धेवर अन्याय होय.

नोंदवही खोटे बोलत नाही. राज्याने विचारले तेवढेच सांगते. नावे जुळवणाऱ्याला वंशावळ मिळेल. पूर्वज मात्र त्यालाच भेटतील, जो नोंदीबरोबर तिच्यामागचा कायदाही वाचील.