रसायन आणि राग

संगीताने रोग बरे होतात, हा विषय आपल्या नियतकालिकांतून वारंवार येत असतो. अशा लेखांची ठेवण बहुधा ठरलेली असते. आरंभी तानसेनाचा दीपक, मग ओंकारनाथ ठाकुरांनी मुसोलिनीला निद्रा आणल्याची आख्यायिका, आणि अखेरीस कोष्टक : अमुक रागाने रक्तदाब उतरतो, तमुक रागाने निद्रानाश जातो. आधार म्हणून शार्ङ्गदेवाच्या 'संगीतरत्नाकरा'चे नाव घेतले जाते. या आधाराविषयीच आम्हांला येथे लिहावयाचे आहे. कारण ज्या ग्रंथाची साक्ष काढावयाची, तो उघडून पाहण्याची चाल या लेखकांत फारशी दिसत नाही.

शार्ङ्गदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा आश्रित. घराणे मूळचे काश्मीरचे, काळ १३व्या शतकाचा पूर्वार्ध. संगीत आणि वैद्यक या दोहोंत त्याची गती होती, म्हणून त्याची साक्ष मोलाची. ग्रंथारंभी तो स्वतःविषयी सांगतो की, ब्राह्मणांचे दैन्य धनदानाने, जिज्ञासूंची आर्तता विद्येने व रोग्यांची पीडा रसायनांनी आपण दूर केली. आणि आता सर्व लोकांचे तापत्रय हरावे, धर्म, कीर्ती व मोक्ष लाभावा, म्हणून हा ग्रंथ प्रकट करीत आहोत. हा क्रम लक्षात घ्यावा. रोग्यांकरिता रसायन, संगीत त्यानंतर, आणि निराळ्या हेतूने. तापत्रयात शारीर व्याधीही येते, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदीच निराधार नाही. परंतु ज्या वैद्याने रोगाचे नाव घेऊन त्यापुढे औषधच लिहिले, त्याच्या तोंडी रागांची मात्रा घालणे हे वाचन नव्हे.

पुढे पहिल्याच अध्यायात पिंडोत्पत्तीचे सविस्तर प्रकरण आहे. गर्भ, अवयव, नाड्या, चक्रे सर्व काही त्यात येते. कारण नाद देहातून उपजतो, तेव्हा देह प्रथम जाणला पाहिजे. वात, पित्त, कफ हेही ग्रंथात आहेत, पण कोठे? गायकाच्या आवाजाचे प्रकार सांगताना. कफाचा आवाज स्निग्ध व मधुर, वाताचा पोकळ व रूक्ष, अशी ती मीमांसा आहे. श्रोत्याच्या दोषांवर उपचार नव्हे. रागांना त्याने रस दिले, ऋतू दिले, प्रहर दिले, देवता दिल्या. २६४ राग मोजणाऱ्या या वैद्याने त्यांचे औषधी कोष्टक मात्र केले नाही. कोष्टकांत हमखास आढळणारा दरबारी कानडा तर परंपरेने १६व्या शतकातील तानसेनाच्या नावे सांगितला जातो. त्याचा गुण शार्ङ्गदेवाने सांगितला म्हणणे, म्हणजे नातवाच्या लग्नात पणजोबांना अक्षता वाटावयास लावणे होय!

संगीताने रुग्णास काहीच लाभ होत नाही, असे आमचे म्हणणे नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांवरील ७३ प्रयोगांचा आढावा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. संगीताने वेदना व चिंता उणावल्या, वेदनाशामक औषध कमी लागले. रुग्णालयातील मुक्काम मात्र घटला नाही. आणि कोणते संगीत ऐकविले याने फारसा फरक पडला नाही! कोष्टककारांनी या शेवटच्या वाक्यापाशी क्षणभर थांबावे. कोष्टक वाचून रक्तदाबाची गोळी बंद करणारा वाचक त्यांच्या लेखाची तळटीप शोधीत बसत नाही. तो मुद्रिताक्षरांवर विश्वास ठेवतो. वर्गात शिक्षकाने तोच लेख वाचून दाखविला, तर विश्वास दुणावतो.

तद्वतच यात संगीताची हानीही आहे. मारवा ऐकताना जी हुरहुर लागते, ती लागावी म्हणूनच तो गायिला जातो. तिच्यावर उतारा म्हणून दुसरा राग सुचविणाऱ्याला मारवा कळलाच नाही.

आमच्या साहित्यिक मित्रांसाठी एक स्थळ सुचवितो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील १५व्या अध्यायात रुग्णगृहाची सिद्धता वर्णिली आहे. तेथे परिचारक हवेत, स्वयंपाकी हवेत, वासरू जिवंत असलेली दुभती गाय हवी. आणि गाणारे, वाजविणारे, तसेच श्लोक, गाथा, आख्यायिका, इतिहास व पुराणे सांगण्यात कुशल असे लोकही हवेत. गवयाशेजारी चरकाने कथेकऱ्याला बसविले आहे, हे आमच्या वाचनात आलेल्या एकाही लेखकाने सांगितले नाही.