नाव आणि द्रव्य : फ्रेंच शमादानांचा एक विचार

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे फ्रान्समध्ये घडविल्या गेलेल्या स्फटिकमंडित व सोनेरी ब्राँझच्या बहुशाख शमादानांविषयी लिहिताना त्यांच्या वैभवाचे वर्णन करून थांबण्याचा प्रघात आहे. तथापि ह्या वस्तूंचे मर्म त्यांच्या नावांची चिकित्सा केल्यावाचून हाती लागत नाही.

त्यांतील 'स्फटिक' हा बहुधा स्फटिक नव्हेच. आरंभी लोलकांसाठी खाणीतील स्फटिक वापरला जाई. पुढे शिसे मिसळलेल्या काचेने त्याची जागा घेतली आणि जागेबरोबर नावही घेतले. सँ-लुई येथे १७८१ मध्ये आणि बाकारा येथे १८१६ पासून जे 'क्रिस्टाल' तयार होऊ लागले, त्याच्या अंतर्रचनेत स्फटिकाची नियमबद्धता मुळीच नाही. 'ब्राँझ'ची गोष्टही तीच; ती पुष्कळदा तांबे व जस्त यांची, म्हणजे पितळेच्या जातीची, मिश्रधातू असते. ही नावे द्रव्य सांगत नाहीत, दर्जा सांगतात.

यावरून ही कला केवळ दिखाऊ होती, असा निष्कर्ष काढणे मात्र उतावळेपणाचे होईल. मराठीत 'मुलामा' ह्या शब्दाला वरपांगीपणाची छटा आहे. ती येथे लागू पडत नाही. ओतकामानंतर छिन्नीने प्रत्येक पान, प्रत्येक शीर कोरली जाई आणि मगच सोने चढे. पिएर गुतिएर (१७३२–१८१३) याच्या कामात झिलईदार व निस्तेज पृष्ठभाग शेजारी शेजारी येतात, ते ह्या कोरीव कामाचा अर्थ उलगडण्यासाठीच. मेणबत्तीची ज्योत हलली की धातू प्रकाश परतवितो आणि काच त्याचे रंग विखुरते. विजेच्या स्थिर दिव्याखाली मांडलेले शमादान म्हणूनच अर्धेच दिसते.

प्रामाणिक नाव एकच, 'ऑर्मोलू'. फ्रेंच 'ओर मुल्यू', म्हणजे दळलेले सोने, यावरून इंग्रजीने ते घडविले. ह्या नावात कृती आहे: सोन्याची पूड पाऱ्यात कालवावयाची, तो लेप धातूवर द्यावयाचा आणि तापवून पारा उडवून लावावयाचा. पारा उडे तो कारागिराच्या श्वासात. ब्राँझकार आंद्रे-आंत्वान राव्रिओ १८१४ मध्ये निवर्तला, तेव्हा मुलामाकारांचे ह्या विषापासून रक्षण करणाऱ्या उपायासाठी त्याने पारितोषिकाची रक्कम मागे ठेवली होती. धूर ओढून नेणाऱ्या भट्टीची योजना करून दार्से याने १८१८ मध्ये ते मिळविले. १८४० नंतर विद्युत्-मुलाम्याची पद्धती रूढ होऊ लागली. परंतु पाऱ्याचा वापर लगेच थांबला नाही.

ह्या शमादानांचे सौंदर्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या समीक्षेला लोलकांची संख्या ठाऊक आहे आणि भट्टीचा धूर ठाऊक नाही, ती वस्तूची समीक्षा नव्हे; ती तिच्या नावाचीच पुनरुक्ती होय.