काळा घोडा आणि आपला सॅम्युएल स्ट्रीट

मुंबईला गेले तेव्हा काळ्या घोड्याचा नवा पुतळा मुद्दाम पाहून आले. नातू बरोबर होता. पुतळ्याभोवती एक फेरी मारून त्याने हिब्रूत विचारले, "आजी, घोड्यावरचा माणूस कुठे गेला?"

माणूस भायखळ्याला, राणीच्या बागेत. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, १८७५-७६ साली हिंदुस्थानात आले होते. त्या भेटीची आठवण म्हणून सर आल्बर्ट ससून यांनी तो पुतळा मुंबईला दिला. १९६५ साली तो उचलला तेव्हा मी शाळेत होते. चौक रिकामा झाला, तरी बसचा कंडक्टर "काळा घोडा, काळा घोडा" असेच ओरडायचा! पुतळा राजाचा, पण लोकांनी नाव ठेवले घोड्याचे. म्हणून २०१७ साली तिथे स्वाराशिवाय नुसता घोडा उभा केला, हे मला पूर्ण पटले. लोकांच्या तोंडी जे होते, तेवढेच परत आणले.

आसपासच्या रस्त्यांबद्दल मात्र माझी तक्रार आहे. रॅम्पार्ट रोचे के. दुभाष मार्ग झाले, फोर्ब्स स्ट्रीटचे व्ही. बी. गांधी मार्ग. फोर्ब्स स्ट्रीटवरचे निळे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग दुरुस्त होऊन २०१९ साली पुन्हा उघडले. काम सुरेख झाले आहे, पाहून डोळे निवतात. पण इमारतीला रंग देताना जो विचार केला, तो नावांचा कोण करणार? नवी नावे काढा असे मी म्हणत नाही. त्या माणसांचाही मान आहे. पाटीवर खाली जुने नाव आणि एक ओळ माहिती, एवढे पुरे. रॅम्पार्ट रो म्हटले की तिथे किल्ल्याचा तट होता, हे शाळेतल्या पोरालाही कळते. वर्गात मी तरी असेच शिकवले असते.

आणि नाव टिकले म्हणजे सगळे टिकले, असेही नाही. फोर्टातून आम्ही टॅक्सीने मांडवीला गेलो. आपला सॅम्युएल स्ट्रीट अजून सॅम्युएल स्ट्रीटच आहे. हातगाड्यांतून वाट काढत जुन्या मशिदीपर्यंत पोहोचलो. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला सहज विचारले, "भाऊ, हा सॅम्युएल कोण?"

"असेल कुणी इंग्रज साहेब," तो म्हणाला.

साहेब! आपला सामाजी हसाजी दिवेकर! टिपूच्या कैदेतून सुटून आला आणि १७९६ साली मुंबईत आपली पहिली मशीद बांधली. मशीद बंदर हे नाव तिच्यावरूनच पडले, असे आपण पोराबाळांना सांगत आलो. तिथे मात्र त्या दुकानदाराला कुणी सांगितले नव्हते. मग मीच सांगितले, अगदी कैदेपासून. गिऱ्हाईक खोळंबले होते, तरी त्याने शेवटपर्यंत ऐकले.

"मुसाजी?" त्याने विचारले.

"सामाजी," नातवाने मराठीत दुरुस्त केले, आणि त्या भल्या माणसाने बिलाच्या मागे ते नाव लिहून घेतले.