‘क कमळाचा’ आणि फोनिक्स : प्रारंभिक वाचन-अध्यापनाची चिकित्सा

प्राथमिक वर्गातील वाचन-अध्यापनाचा विचार करताना आज दोन पद्धती समोर येतात. एक आपली जुनी, मुळाक्षरे आणि बाराखडीची. दुसरी इंग्रजी शाळांतून आलेली फोनिक्सची, म्हणजे प्रत्येक चिन्हाचा ध्वनी सुटा शिकवून ते ध्वनी जोडत शब्दापर्यंत नेण्याची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पायाभूत साक्षरतेला अग्रक्रम दिला आणि जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. तेव्हापासून भारतीय भाषांच्या वर्गातही ‘फोनिक्स’ हा शब्द सर्रास ऐकू येतो. ही पद्धत मराठीला कितपत लागू पडते, एवढाच प्रश्न या टिपणात तपासायचा आहे. मराठी उदाहरणे हिंदी, ओडिया किंवा कन्नड वर्गाशी ताडून पाहावीत.

फोनिक्सचा जन्म इंग्रजीच्या अडचणीतून झाला. तिथे अक्षरे २६, ध्वनी सुमारे ४४, आणि एकच ध्वनी अनेक प्रकारे लिहिला जातो. या गोंधळात मुलाला वाट सापडावी म्हणून ध्वनी आणि चिन्ह यांची क्रमवार सांगड घालणे आवश्यक ठरते. इंग्लंडमध्ये २००६ च्या रोझ अहवालाने या पद्धतीची जोरदार शिफारस केली. २०१२ पासून तिथे पाच-सहा वर्षांच्या मुलांची ४० शब्दांची चाचणी होते. त्यातले २० शब्द मुद्दाम निरर्थक असतात, म्हणजे मूल शब्द ओळखून नव्हे तर ध्वनी जोडून वाचते की नाही, ते कळते. इंग्रजीपुरते हे समजण्यासारखे आहे.

देवनागरीची अडचण निराळी. इथे ‘क’ हे चिन्ह ‘क्’ आणि ‘अ’ असे दोन ध्वनी एकत्र घेऊन येते. मुलाच्या कानाला आणि डोळ्याला जाणवणारे एकक अक्षर हे आहे, सुटा ध्वनी नव्हे. कन्नड मुलांच्या वाचनावरील सोनाली नाग यांच्या २००७ च्या संशोधनात असेच दिसले : अक्षराची जाण आधी येते, सुट्या ध्वनीची जाण सावकाश, लिपी आत्मसात होत जाते तशी येते. म्हणून पहिलीच्या मुलाकडून ‘क्-अ-म्-अ-ळ्’ असे तुकडे म्हणवून घेणारे तक्ते मला उलट्या क्रमाचे वाटतात. जी जाण वाचता येऊ लागल्यावर पक्की होते, ती इथे वाचनाची पूर्वअट केली जाते.

मग जुनी पद्धत बरी का? तिच्यातही मोठा दोष आहे. क-च-ट-त-प हा वर्णक्रम उच्चारस्थानांनुसार लावलेला, व्याकरणकारांचा सुंदर क्रम आहे, पण तो वाचायला शिकणाऱ्यासाठी लावलेला नाही. सुमारे ३४ व्यंजने संपल्यावर बाराखडी, तिची चारशेच्या वर अक्षरे, मग जोडाक्षरे. तोवर ‘मामा’ आणि ‘काका’ हे पहिल्या दिवसापासून तोंडात असलेले शब्द मुलाला वाचायला मिळत नाहीत. मिळतात ती कानामात्रा नसलेली, कोणीही कधी न बोललेली वाक्ये : ‘नमन, घर बघ’. अशा वर्गात फळ्यावरच्या ‘न’वर बोट ठेवले, तर काही मुले ‘क’पासून सगळे म्हणत तिथवर येतात. ‘कप’ वाचायला दिला तर ‘कमळाचा पतंगाचा’ असे वाचणारे मूलही भेटते. त्याला हसू नये. शिकवले तेच ते वाचते आहे.

आता ‘क कमळाचा’ हेच नीट ऐकू. ‘कमळ’ म्हणताना ‘ळ’मधला ‘अ’ आपण उच्चारत नाही. ‘कमळाचा’ म्हणताना तर ‘म’मधलाही जातो, आपण ‘कम्‌ळाचा’ म्हणतो. ‘मगरीचा’ असे लिहून ‘मग्‌रीचा’ वाचतो. देवनागरी जसे लिहिले तसे वाचले जाते, हे पाठ्यपुस्तकी विधान पहिल्याच तक्त्यावर डळमळते. ‘अजगर’ वाचताना दुसऱ्या अक्षरातला ‘अ’ गळतो, ‘असफल’ वाचताना गळत नाही, कारण तिथे ‘अ’ आणि ‘सफल’ असा जोड आहे. लिपी हे कुठेच दाखवत नाही. भाषाशास्त्रज्ञांनी याचे नियम मांडले आहेत, पण सहा वर्षांच्या मुलाला ते कामाचे नाहीत. त्याच्या कामी येतो तो आधी ऐकलेला शब्द. ‘क-म-ळ’ असे अडखळत म्हटल्यावर ‘अरे, कमळ!’ अशी त्याची कळी खुलते, तेव्हाच उच्चार नीट होतो.

‘च’ आणि ‘ज’ यांचेही तसेच. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला ‘च’ एक नाही. ‘पाण्याने जग भर’ आणि ‘सुखाने जग’ यांत अक्षरे तीच, ‘ज’ वेगळा. कोणता कुठे, हे वाक्याचा अर्थ कळल्याशिवाय सांगता येत नाही.

‘आधी डिकोडिंग, मग आकलन’ अशी पायरी लावणारे प्रशिक्षण मला इथेच चुकीचे वाटते. मराठीत आणि हिंदीत अर्थ हा वाचनाच्या शेवटी मिळणारा लाभ नाही, खुद्द उच्चार ठरवायलाही तो लागतो. ओडियात ‘कमळ’मधला शेवटचा ‘अ’ स्पष्ट उच्चारला जातो, कन्नडमधल्या ‘कमल’मध्येही. तिथे अक्षराला अक्षर जोडत गेले तर शब्द नीट वाचला जातो, पण कन्नडात व्यंजनाखाली लिहायची जोडचिन्हे मुलाची परीक्षा पाहतात. तमिळमध्ये चिन्हे कमी, पण एकच चिन्ह जागेनुसार ‘क’ही होते आणि ‘ग’ही. म्हणजे सगळ्या भारतीय लिपींना एकच फोनिक्स-पुस्तिका पुरणार नाही.

याची झळ सर्वांत जास्त लागते ती घरी वारली, कातकरी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला. अक्षरे त्यालाही इतरांएवढीच येतात. पण जोडून तयार झालेला मराठी शब्द त्याने कधी ऐकलेलाच नसतो. ‘क-म-ळ’ म्हटल्यावर त्याच्या मनात काहीच उमटत नाही, आणि शिक्षकाच्या नोंदवहीत ‘वाचन कच्चे’ अशी नोंद होते. या मुलाला आणखी तक्ते देऊन काय होणार? त्याला आधी गोष्टी, गप्पा, गाणी हवीत, त्याच्या भाषेतून मराठीकडे आणणारी. ‘अक्षरओळखीनंतर वेळ उरला तर’ करायचे हे काम नव्हे.

याचा अर्थ अक्षरे आपोआप येतील असे मानणे नव्हे. पुस्तकांचा सहवास दिला की मूल लिपी उचलते, हा आग्रह पुस्तकांनी भरलेल्या घरातल्या मुलांना परवडतो. ज्याच्या घरी छापील कागद फक्त पुड्यांचा येतो, त्याला लिपी क्रमाने, स्पष्ट आणि रोज शिकवावीच लागते. फक्त क्रम बदलावा लागतो. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी अक्षरांचे छोटे गट करून वाचन शिकवण्याची जी वाट दाखवली, ती मला अधिक पटते. म, क, ब आणि काना एवढ्यावर मामा, काका, बाबा, काम, बाक हे शब्द लगेच वाचता येतात. ‘ि’ मात्र घाई न करता घ्यावी. ती लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर, त्यामुळे मुले बुचकळ्यात पडतात. गटपद्धतीलाही मर्यादा आहे : मोजक्या अक्षरांतून गोष्ट तयार होत नाही. म्हणून शिक्षकाने रोज वाचून दाखवायचे पुस्तक वेगळे आणि मुलाने स्वतः वाचायचे चार शब्द वेगळे, असे दोन्ही चालू ठेवावे लागते.

मापनाचाही एक मुद्दा आहे. निपुण भारतने तिसरीच्या मुलासाठी मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थासह, असे लक्ष्य ठेवले. पण हिंदीतील ‘घर के पास के’ हे चार शब्द मराठीत ‘घराजवळच्या’ असा एकच शब्द होतात. मल्याळममध्ये शब्द याहूनही लांब होतात. २०२२ च्या पायाभूत अध्ययन अभ्यासात भाषावार वेगळे निकष ठरवले गेले, ते योग्यच झाले. तरी घड्याळ लावून मोजले की शिक्षक वेग शिकवू लागतो आणि कंसातला ‘अर्थासह’ कंसातच राहतो.

शालेय अनुभवासाठी वर्गावर जाल तेव्हा एका मुलाला ‘पाण्याने जग भर’ आणि ‘सुखाने जग’ ही दोन वाक्ये वाचायला द्या. दोन्हीकडे ‘ज’ सारखाच आला, तर चूक सुधारण्याआधी मुलाला विचारा, ‘जग म्हणजे काय रे?’