ताब्युतोंचं घराणं

कॉन्सर्ट सुरू होण्याआधी ओबो एक स्वर धरतो आणि सगळा ऑर्केस्ट्रा त्याला मिळवून घेतो. आपल्या फिलाडेल्फियात १९१५ ते १९५४ हा मान मार्सेल ताब्युतो यांचा होता.

जन्म १८८७चा, फ्रान्समधला. पॅरिसच्या कॉन्झर्व्हेटरीत जॉर्ज जिले यांच्याकडे तालीम झाली. १९०५मध्ये वॉल्टर डॅमरॉश यांनी न्यूयॉर्कच्या आपल्या ऑर्केस्ट्रासाठी काही वादक युरोपातून आणले, त्यांत हा पोरगा होता. बाहेरची माणसं आणली म्हणून वादकांच्या संघटनेनं डॅमरॉशना दंड ठोठावला. (व्हिसाच्या रांगा पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही!) मग मेट्रोपॉलिटन ऑपेरा, आणि तिथून कंडक्टर स्टोकोव्स्कींचा फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा.

वादक म्हणून ते थोर होतेच, पण मला त्यांच्यातला गुरू अधिक मोठा वाटतो. १९२४मध्ये कर्टिस इन्स्टिट्यूट ही संगीतशाळा निघाली, तेव्हापासून तीस वर्षं ते तिथे शिकवत होते. शिस्त कडक, जीभ तिखट. ओबोची पत्ती सनईसारखीच दुहेरी, आणि ती वादकानं स्वतः तासायची. म्हणून शिष्याचा हात चाकूवर बसलाच पाहिजे. पत्ती ज्या बोरूची, तो दक्षिण फ्रान्सचा. पत्ती जाड राहिली तर सूर दबतो, अंमळ जास्त तासली तर चिरकतो. पॅरिसचे वादक टोकाशी थोडंच तासत. ताब्युतो पार मागपर्यंत तासू लागले, आणि उजळ फ्रेंच आवाजाच्या जागी गडद, गोल स्वर आला. शिवाय ओळीतल्या प्रत्येक स्वराला ते आकडा देत, जोर कुठे चढतो नि कुठे उतरतो हे शिष्याला नेमकं कळावं म्हणून.

घरून आणलेली विद्या त्यांनी जशीच्या तशी बरणीत घालून ठेवली नाही. आज त्या स्वराला जग अमेरिकन म्हणतं. आपल्या मंडळात संगीताबद्दल ‘शुद्ध की फ्यूजन’ असा वाद पेटला की मी ताब्युतोंचं नाव खुशाल पुढे करते.

हॅरल्ड गॉम्बर्ग न्यूयॉर्कला, त्यांचे धाकटे भाऊ राल्फ बॉस्टनला, जॉन मॅक क्लीव्हलंडला: प्रमुख ओबोवादकांच्या खुर्च्या त्यांच्याच शिष्यांकडे गेल्या. आणखी एक शिष्य जॉन डि लान्सी. १९४५मध्ये सैनिक म्हणून बव्हेरियात असताना त्यांनी वृद्ध रिचर्ड श्ट्राउसना विचारलं, ओबोसाठी कॉन्चेर्टो लिहायचं कधी मनात आलं का? उत्तर मिळालं, नाही. त्याच वर्षी श्ट्राउसनी तो लिहायला घेतला. १९५४मध्ये ताब्युतोंची खुर्ची डि लान्सींना मिळाली, आणि १९७७मध्ये डि लान्सींचे शिष्य रिचर्ड वुडहॅम्स यांना. ते २०१८पर्यंत तिथे होते.