कालप्रवास, चेटूक आणि इतिहासाचे ऋण

इंग्रजी अद्भुतरम्य कादंबरीत गेल्या तीन दशकांत एक उपप्रकार स्थिरावला असून, त्यात आधुनिक काळातील व्यक्ती, बहुधा स्त्री, भूतकाळात जाते आणि तिच्या या कालप्रवासाचे मूळ यंत्रात नव्हे, तर चेटूकविद्येत किंवा वंशपरंपरेने आलेल्या गूढ शक्तीत असते. एच. जी. वेल्स यांनी १८९५ मध्ये ‘द टाइम मशीन’मध्ये कालप्रवासाला यंत्र दिले आणि नायकाला दूरच्या भविष्यात नेले; चेटकाची योजना करणारे लेखक मात्र प्रायः अशा शतकांकडे वळतात, ज्यांत चेटूक ही लोकांची श्रद्धा होती आणि कायद्याने देहान्त शासनास पात्र ठरवलेला गुन्हाही होता. या उपप्रकाराचे सामर्थ्य आणि त्याची उणीव, दोन्ही या निवडीतूनच उद्भवतात.

डायना गॅबल्डन यांच्या ‘आउटलँडर’ (१९९१) या कादंबरीतील परिचारिका क्लेअर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या स्कॉटलंडमधून उभ्या शिळांच्या वर्तुळातून १७४३ मध्ये पोहोचते आणि पुढे तिच्यावर चेटकीण म्हणून खटला भरला जातो. या प्रसंगी गीलिस डंकन या सहआरोपी स्त्रीच्या दंडावरील लसीचा वण क्लेअरला दिसतो आणि तीही भविष्यातूनच आलेली असल्याचे उलगडते. विसाव्या शतकातील वैद्यकाची खूण अठराव्या शतकात सैतानाची खूण ठरू शकते, हे येथे एकाच तपशिलातून प्रत्ययास येते. तथापि, चेटकाविरुद्धचे जुने कायदे ब्रिटिश संसदेने १७३५ च्या अधिनियमाने रद्द केले होते, त्यामुळे हा खटला कालविपर्यास, म्हणजे एका काळातील घटना दुसऱ्या काळात घालण्याचा दोष, ठरतो.

डेबोरा हार्कनेस यांची ‘शॅडो ऑफ नाइट’ (२०१२) अशा तपशिलांबाबत अधिक काटेकोर आहे. जॉन डी या सोळाव्या शतकातील गणिती व किमयागारावर संशोधन केलेल्या या इतिहासकार लेखिकेने आपल्या नायिकेला १५९० च्या इंग्लंडमध्ये आणि पुढे सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्या प्रागमध्ये नेले असून, हस्तलिखिते, किमयाशास्त्र आणि विद्वानांची मंडळे यांचे तिचे चित्रण भरीव आहे. परंतु त्याच १५९०–९१ मध्ये स्कॉटलंडमधील नॉर्थ बेरिक येथील प्रकरणात, ज्यात राजा सहावा जेम्स याच्या जहाजांवर वादळे आणल्याचा आरोप झाला, गीलिस डंकन नावाच्या खऱ्या मोलकरणीचा छळ करून तिच्याकडून कबुली घेतली गेली होती. गॅबल्डन यांच्या पात्राचे नाव या स्त्रीवरूनच आले आहे. एडिंबरा विद्यापीठाच्या सर्वेक्षणानुसार १५६३ ते १७३६ या काळात स्कॉटलंडमध्ये ३,८३७ व्यक्तींवर असे आरोप झाले आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे होते. या स्त्रियांपाशी कोणतीही शक्ती नव्हती. कादंबरी जेव्हा चेटकिणीला खरोखर सामर्थ्यवान करते, तेव्हा नकळत ती फिर्यादीचेच म्हणणे खरे ठरवते.

नील स्टीफन्सन आणि निकोल गॅलंड यांच्या ‘द राइज अँड फॉल ऑफ डी.ओ.डी.ओ.’ (२०१७) मध्ये १८५१ च्या सूर्यग्रहणाचे छायाचित्र घेतले जाताच जगातील जादू संपते, ही कल्पना तल्लख आहे. मात्र तेथे इतिहास मुख्यतः शासकीय मोहिमांचे क्षेत्र होऊन उरतो. याउलट ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘किंड्रेड’ (१९७९) मध्ये चेटूक नाही आणि कालप्रवासाचे स्पष्टीकरणही नाही. १९७६ मधील कृष्णवर्णीय नायिका एकोणिसाव्या शतकातील मेरीलँडच्या गुलामगिरीत ओढली जाते आणि परतताना आपला डावा हात गमावते. भूतकाळ येथे प्रवाशाकडून किंमत वसूल करतो.

या प्रकाराच्या मूल्यमापनाचा निकष म्हणूनच पोशाख, पाककृती आणि बोली यांच्या अचूकतेपुरता मर्यादित राहू शकत नाही. चेटकाच्या आरोपाखाली मारल्या गेलेल्या माणसांचे निरपराधित्व कथानकात शाबूत राहते की नाही, हा खरा प्रश्न आहे, आणि या कसोटीवर हा लोकप्रिय प्रकार, त्याचे सारे कौशल्य मान्य करूनही, अद्याप अपुरा ठरतो.