बरोबरच्या चिन्हाची रांग

ज्युपिटर नोटबुक ही संगणकावरची वही आता शिक्षकांच्याही हाती आली आहे. मजकूर, समीकरणे, पायथनमधील आज्ञा आणि त्यांचे उत्तर एकाच पानावर मांडता येते, तेही विनामूल्य. वही म्हणून ती आम्हाला पसंत आहे. समीकरणांच्या मांडणीत मात्र ती अडखळते, आणि बोदवडच्या एखाद्या शाळेत वर्गापुढे ती उघडणाऱ्या शिक्षकांना हे आधी ठाऊक हवे.

६क्ष + ३०० = १०क्ष − १०० हे समीकरण घ्या. फळ्यावर ते सोडवताना आपण बरोबरच्या चिन्हाखाली बरोबरचे चिन्ह लिहितो. नोटबुकमध्ये प्रत्येक पायरी दुहेरी डॉलर-चिन्हांत स्वतंत्र लिहिली, तर प्रत्येक ओळ आपापली पानाच्या मध्यभागी बसते आणि चिन्ह डावीउजवीकडे सरकत राहते. हा केवळ दिसण्याचा प्रश्न नाही. ३ + ४ = ७ × २ = १४ असे लिहिणाऱ्या मुलाला बरोबर म्हणजे 'आता उत्तर लिहा' असे वाटत असते. दोन बाजू तोलायच्या आहेत, हे त्याला चिन्हांची सरळ रांगच दाखवते.

उपाय आहे. सगळ्या पायऱ्या 'अलाइन' या एकाच रचनेत घालायच्या, प्रत्येक बरोबरच्या आधी & लिहायचे आणि ओळ संपली की दोन उलट्या तिरप्या रेघा द्यायच्या. & छापले जात नाही; ते फक्त रांगेची जागा सांगते. ही सोय टेक् या मुद्रणप्रणालीच्या घराण्यातली. १९७७ साली स्वतःच्याच ग्रंथाची मुद्रिते डोनाल्ड क्नुथ यांना पाहवली नाहीत, म्हणून त्यांनी टेक् रचायला घेतली. पण नोटबुकमध्ये यासाठी साधे बटणही नाही. शिवाय 'क्ष' थेट लिहिला तर जोडाक्षर फुटू शकते. तो 'टेक्स्ट' या आदेशात गुंडाळावा लागतो.

आमची मोठी तक्रार वेगळी आहे. पायथनने काढलेले उत्तर स्वतंत्र कप्प्यात, डाव्या कडेला उमटते. हाताने लिहिलेल्या पायऱ्यांच्या रांगेत ते बसत नाही. जिथे गणित आणि संगणक यांची गाठ पडायची, तिथेच रांग तुटते!

वरचे समीकरण भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील 'बीजगणिता'तले आहे. एकाजवळ सहा घोडे व तीनशे रूपे, दुसऱ्याजवळ दहा घोडे व शंभराचे कर्ज. संपत्ती सारखी, तर घोड्याची किंमत काय? बरोबरचे चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली छापले, म्हणजे तेव्हा ते नव्हतेच. दोन बाजू एकीखाली एक मांडत:

या ६ रू ३००
या १० रू १००

शेवटच्या शंभरावर ऋणाचे टिंब. 'या' म्हणजे यावत्तावत्, आपला क्ष. याखाली या, रूखाली रू. समानता सांगायचे काम मांडणीच करी. चार घोड्यांचे चारशे, हे नुसत्या नजरेने दिसते. याच ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाचा १२०७ सालचा शिलालेख आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. मठ स्थापला तो भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी. प्रत्येक ओळीत तीन & घातले, की ही मांडणी नोटबुकमध्येही उतरते. नववीच्या वर्गात ती एकदा करून पाहावी.